चौथा खांदा

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी म्हणायला नको की आजीबाईंनी शौर्याच्या बाता मारल्या. मी पालीला भिते, विजेला भिते, आणि नातसून हाताला धरून अमरावतीचा रस्ता ओलांडायला लावते तेव्हा ऑटोवाल्यांनाही भिते. परवा तर घरातल्या घरात, ओट्यापाशी उभी असताना भ्याले. नातसुनेनं द्राक्षं धुवायला पातेल्यात पाणी घेतलं आणि कागदाच्या पुडीतली चिमूटभर काळपट भुकटी त्यात सोडली. पाण्यात जांभळ्या रेघा उतरायला लागल्या. उतरल्या, फाटल्या, पसरल्या, आणि बघता बघता सगळं पातेलं लालभडक झालं. "फेक ते," मी ओरडले, "आधी फेक!" पोर बिचारी घाबरून माझ्याकडेच बघत राहिली. "अहो आजी, औषध आहे ते. जंतू मरतात त्यानं." मला काय सांगतेस, बाई! ते मला तुझ्या सासूच्याही जन्माआधीपासून माहीत आहे. पण तो रंग पाण्यात उतरताना दिसला की मी अकरा वर्षांची होते, त्याला मी काय करू?

आमचं गाव दर्यापूरकडचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, सरकार नागपुरात बसायचं, आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्या सरकारचा एखादा घोडा आणि एखादी खाकी टोपी एवढंच उरायचं. काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळायची की मूल चालताना पाय पोटरीपर्यंत आत जाईल. सगळं शिवार उघडंबोडकं, आणि त्यात नाल्याकाठी आमचा मळा तेवढा हिरवा. बाबा जातीचे माळी. वांगी, मेथी, सांबार, बांधाला गेंदा. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, गेंदा म्हणजे झेंडू. आम्ही आजही सांबारच म्हणतो. पहाटे मोट सुरू व्हायची. चाकाचा करकराट, बैलांच्या घुंगरांचा आवाज, ओल्या चामड्याचा वास आणि पाटात पाणी शिरलं की तापलेल्या मातीचा निघणारा तो श्वास. बाबा बैलांशी बोलत मोट हाकायचे. माणसांपेक्षा बैलांशीच जास्त बोलायचे.

आम्ही ख्रिस्ती होतो. बाबा कधी झाले, कशासाठी झाले, हे मला कुणी धड सांगितलं नाही. मला समजायला लागलं तेव्हा आम्ही ख्रिस्ती होतोच. बाबांचं नाव याकोब ठेवलेलं होतं, पण गावाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून गावानं त्यांना नावानं हाक मारायचंच सोडून दिलं. गावविहिरीवर आम्हाला मज्जाव होता. पंगतीला बोलावणं नव्हतं. रविवारी मोट बंद, आम्ही तिघं धुतलेले कपडे घालून दर्यापूरला प्रार्थनेला जायचो. तिथल्या पाद्रीसाहेबांनी एकदा बाबांना भरबाजारात येशूची साक्ष द्यायला उभं केलं. बाबा खोक्यावर चढले, घामानं डबडबले, "राम राम मंडळी" म्हणाले आणि तसेच खाली उतरले. पाद्रीसाहेबांनी कपाळाला हात लावला. आई परतीच्या वाटेवर इतकी हसली की तिला बाभळीखाली बसावं लागलं.

बोलणं नाही जमलं, पण बाबा ज्या गोष्टी करायचे त्या करतच राहायचे. शिळ्या मेथीवर पाणी मारून ती ताजी म्हणून विकायची नाही. शपथ घ्यायची नाही. एकदा हो म्हटलं की हो. आणि मळ्यातला पहिला तोडा, कोणत्याही हंगामाचा, आधी गावात मोठ्याबाबांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघंच भाऊ. मोठेबाबा धिप्पाड, गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की पाखरं उडावीत. बाबांनी धर्म बदलला त्या दिवसापासून ते आमच्याशी बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे फक्त ओरडत होते. उंबऱ्यावर ठेवलेली वांगी ते बाबांच्या डोळ्यांदेखत बैलापुढे टाकायचे. बाबा घरी येऊन म्हणायचे, "बैलाले त गोड लागली ना." आई चिडायची. "तुमाले काई लाज?" मग बाबा चिलीम सोडल्यापासून रिकामे झालेले हात उगाच चोळत बसायचे.

मोठ्याबाबांना मूलबाळ नव्हतं. पोळ्याला, दसऱ्याला, गावात कुणी मेलं की तेव्हा, ते मळ्याच्या कुपाटीपाशी, काटेरी कुंपणाबाहेर, येऊन उभे राहायचे आणि बाबांना जुन्याच नावानं हाक मारायचे. "किसना! मी मेलो त मले खांदा कोन देईन? आगीन कोन देईन, सांग? एक भाऊ होता, तोबी बाटला! माही माती करशीन तू, गाडशीन मले कुत्र्यावानी!" मी आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. मला वाटायचं हा माणूस आम्हाला मारायला आला आहे. तो स्वतःच भ्यालेला आहे, हे अकरा वर्षांच्या पोरीला कुठून कळणार?

त्या वर्षी चैत संपता संपता गावात हैजा, म्हणजे कॉलरा, आला.

काय काय सांगू? दारोदारी जाळलेल्या कडुनिंबाचा कडू धूर. दुपारच्या शांततेत एका घरातून उठणारं आणि दुसऱ्या घरातून उत्तर दिल्यासारखं येणारं रडणं. रोग शिवेबाहेर घालवायला मरीमायचा गाडा निघाला. डफडं वाजत वाजत गावाच्या शिवेपर्यंत आला आणि शीव आमच्या बांधाला लागूनच होती. हिरव्या लुगड्याचा तुकडा, हळद-कुंकवानं माखलेली लहानशी लाकडी चाकं, लिंबं. मंडळी मागं न बघता परत गेली आणि तो गाडा तिथंच राहिला. मी त्याच्याकडे पाठ केली तरी तो मला पाठीत दिसायचा. आई बाप्तिस्मा घेतलेली, पण तिनंही मला तिकडे जाऊ दिलं नाही. बाबांनी गाड्याला हात लावला नाही, वाईट शब्दही काढला नाही. "लोकाइचा जीव अटकला हाय त्यात," एवढंच म्हणाले.

मग सरकारी डॉक्टर आला. पाटलाला म्हणाला, विहिरीत हे औषध टाका आणि दुसरं कुठलंही पाणी पिऊ नका. पुडीला हात लावायला कुणी तयार होईना. पाटील म्हणे कोतवालाला, कोतवाल म्हणे देवाला. बाबा भाजीची पाटी घेऊन तिथून चालले होते. "आना, मी टाकतो," म्हणाले. आणि इतक्या वर्षांत ज्या विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवायची बंदी होती, तिच्यावर ते चढले. बादलीत भुकटी कालवली, ओतली, बादली वरखाली करून पाणी ढवळलं. मी पाटीपाशी उभी होते. बायका वाकून बघत होत्या. आत, खोल, पाणी लाल होत गेलं.

पहिली किंकाळी कुणाची ते मला माहीत नाही. "रगत! रगत टाकलं बाटग्यानं!" पुढचं सगळं एकदम झालं. डॉक्टर घोड्यावर बसून पुढच्या गावाला निघून गेला. गर्दीतून मोठेबाबा पुढं आले, त्यांचे डोळे मला अजून दिसतात. "गाईचं रगत हाय थे! साऱ्या गावाले बाटवाले निंगाला हा!" बाबा म्हणाले, "दादा, दवा हाय." कोण ऐकतो? बाबांनी तिथंच बादलीभर पाणी काढलं आणि सगळ्यांसमोर ओंजळीनं प्यायले. त्यानं उलटंच झालं. बघा, म्हणाले, रक्त पितो! एक दगड बाबांच्या खांद्याला लागला. त्यांनी माझा हात धरला, पाटी उचलली, आणि आम्ही पळालो नाही. बाबा पळू देईनात. सावकाश चाललो. आयुष्यात मला तेवढं लांब कोणतंच अंतर वाटलं नाही.

गाव त्या दिवसापासून नाल्यातल्या झिऱ्यांचं पाणी प्यायला लागलं. वाळूत खड्डा करायचा, झिरपेल ते कटोरीनं भरायचं. त्याच नाल्यात वरच्या अंगाला मेलेल्यांचे कपडे धुतले जात होते. बाबा रोज सकाळी गावविहिरीवर जायचे, लोटाभर पाणी काढायचे, सगळ्यांना दिसेल असं प्यायचे आणि परत यायचे. कुणाला एक शब्द बोलायचे नाहीत. आई हात जोडायची. "चाला दर्यापूरले. मारून टाकतीन तुमाले. या पोरीचं काय?" बाबा म्हणायचे, "मी गेलो त थे म्हनतीन, पाहा, जहर टाकून पयाला." घरीही तेच लाल पाणी. जिभेला गंज लागल्यासारखी चव. मी पितळी ताटात माझी जीभ बघायची, लाल झाली का म्हणून. कुणी कुपाटीपाशी खाकरलं तरी मी आईमागं लपायची. आणि बाबा सकाळी निघाले की ते परत दिसेपर्यंत मी वांग्यांच्या वाफ्यात उकिडवी बसून असायची. बाबा यायचे नाहीत, असंच मला रोज वाटायचं.

एका दुपारी कुपाटीपाशी मोठीमाय दिसली. मोठ्याबाबांची बायको. डोक्यावर पदर नाही, डोक्यावर रिकामी चुंबळ तशीच, घागर कुठं टाकली होती कोण जाणे. "भाऊजी," ती म्हणाली. बाबांनी हातातलं खुरपं टाकलं.

गावात शिरलो तर गल्ली रिकामी. लोक शेतात झोपड्या करून राहायला गेले होते. जे होते त्यांनी दारं लावून घेतलेली. मोठेबाबा ओसरीवर पडलेले. एवढा धिप्पाड माणूस, पण ओल्या धुण्यासारखा झाला होता. डोळे खोल, आवाज बसलेला. तो पाखरं उडवणारा आवाज गेलेला बघून मला जास्त भीती वाटली. आईनं चूल पेटवली, पाणी उकळलं, मीठ-गूळ घातला. बाबांनी लोटा पुढं केला. मोठ्याबाबांनी तोंड फिरवलं. बाबांनी लोटा मोठीमायच्या हातात दिला. तिच्या हातून ते प्यायले. तसंच चाललं मग. बाबा पाणी गाळायचे, उकळायचे, घाण काढायचे, राख टाकायचे, कपडे जाळायचे. आणि लोटा तेवढा मोठीमायच्या हातात द्यायचे. मला म्हणायचे, दूर बस, काही शिवू नको. मी दारात बसून बाबांच्या हातांकडे बघायची. ते हात आता आपल्याला घेऊन जातील, असं वाटायचं. माझ्याच बापाच्या हातांची मला भीती वाटत होती.

संध्याकाळी मोठेबाबा म्हणाले, "किसना."

"हाव, दादा."

"मले गाडशीन तू."

"नाई गाडत."

"कोनी नाई येनार. गाडीत टाकून ओढत नेशीन."

"नाई. खांद्यावर नेईन. आगीन देईन."

"शपथ घे."

बाबांनी लोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "दादा, मी शपथ घेत नाई. हो म्हनलं, म्हंजे हो."

मोठ्याबाबांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. विश्वास बसला की नाही, ते कळायला मार्ग नाही. त्यांची नजर वरच्या आढ्यावर गेली आणि ओठ थरथरत राहिले. भ्यालेला माणूस इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितला. सकाळी ते गेले.

बाबा खांदेकरी शोधायला निघाले. मी मागं होते. एकेका झोपडीपुढं लांब उभे राहून हाक मारायचे. "दादा गेला. चारजन पाह्यजे." झोपडीत हालचाल व्हायची आणि थांबायची. ज्यांच्या लग्नात मोठेबाबा वाढपी म्हणून नाचले, ते बाहेर आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मीही आले नसते. एक म्हातारा तेवढा आतून म्हणाला, "गाडीत घालून ने रे बाबू. या दिसात कायचा खांदा?" खरंच होतं. बैल होते, गाडी होती. कुणी नावं ठेवली नसती. बाबा परत आले, मळ्यातल्या वेलांच्या मांडवाचे दोन लांब बांबू उपटले आणि तिरडी बांधायला बसले.

"तिघं होतो आपन," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते, एवढ्या उन्हात. "मी, तुमी, वहिनी."

बायका कधी तिरडीला खांदा देतात का? तेव्हा तर स्मशानाच्या वाटेला बाईमाणूस जात नसे. पण ते कुणी बोललं नाही. चौथ्याचाच प्रश्न होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं, म्हणूनच मला कळलं.

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. "नोको म्हनशीन त नोको. मी दुसरं काई करतो."

दुसरं काय करणार होते? मला मेलेल्या माणसाची भीती, हैजाची भीती, मोठ्याबाबांची तर जिवंतपणीच भीती. मला पळून जायचं होतं. पण पळून कुठं जाणार, वाटेत तो मरीमायचा गाडा होता. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही माहीत नाही. बाबांनी ती हो अशी घेतली.

मी बुटकी. तिरडी माझ्याकडून खाली कलायला लागली. मोठीमायनं कोपऱ्यात पडलेली आपली चुंबळ उचलली, लुगड्याची चिंधी फाडून ती माझ्या खांद्यावर घट्ट बांधली, आणि बांबू तिच्यावर टेकवला. आता सारखं झालं. पुढं बाबा आणि आई, मागं मी आणि मोठीमाय. बाबांच्या खांद्यावरचाच बांबू मागं माझ्या खांद्यावर. मोठीमायच्या दुसऱ्या हातात विस्तवाचं मडकं, शिंक्यात लोंबतं. धूर माझ्या डोळ्यांत.

चालायला लागलो. गल्लीत आमच्याच पावलांचा आवाज. दारांच्या फटीत डोळे. वर घारी. मोठीमायनं एकदा "राम बोलो" म्हटलं, चिरक्या आवाजात, आणि कुणी उत्तर दिलं नाही तशी तिनं स्वतःच उत्तर दिलं. बाबांचे ओठ हलत होते, मागून गालाची हालचाल दिसत होती. आणि बांबू थरथरत होता. माझ्या खांद्यावर, मानेवर, दातांपर्यंत तो थरथरत होता. मी दोन्ही हातांनी दाबून धरला तरी थांबेना. आता पडेल, आता माझ्यामुळं मोठेबाबा मातीत पडतील, आणि बाबांचं हो खोटं होईल. डोळे मिटून मी चालत राहिले. येशूचं नाव घ्यावं की रामाचं, तेही सुचेना.

तिरडी पडली नाही. नाल्याकाठी बाभळीची लाकडं, कापसाच्या पऱ्हाट्या, मांडवाचे उरलेले वासे रचले. मोठीमायनं सांगितलं तसं बाबांनी केलं. मडकं घेऊन फिर म्हणाली तर फिरले, आगीन दे म्हणाली तर दिली. परत येताना मोठीमाय गावविहिरीपाशी थांबली. बादली सोडली, ते लालसर पाणी काढलं, अंगावर घेतलं, तोंड धुतलं, आणि पोटभर प्यायली. फटींमधले डोळे बघत होते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोन घागरी दिसल्या.

गावातलं कुणी ख्रिस्ती झालं नाही. तशी काही गोष्ट नाही ही. पंगतीचं बोलावणंही आलं नाही. उलट दर्यापुरात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या पंचांनी, बाबांना उभं करून विचारलं, तुम्ही प्रेताला अग्नी दिला? "हो." कशासाठी? "हो म्हनलं होतं." बाबांना काही महिने सगळ्यांच्या मागं बसवण्यात आलं. ते बसले. मोठीमाय मात्र मरेपर्यंत माळ घालूनच आमच्या मळ्यात राहिली. संध्याकाळी ती तिचं भजन म्हणायची, आई तिचं गाणं, आणि दोघींचे सूर एकमेकींत असे अडकायचे की बाबा हसून बाहेर जाऊन बसायचे. मागच्या साली जीपनं तिकडं गेले होते. सगळीकडे सोयाबीन. मळ्याची जागा शोधताना नातू कंटाळला. नाल्याचा वारा तेवढा ओळखीचा लागला, तापलेला आणि किंचित धुराचा.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. अंघोळी झाल्या होत्या. आई आणि मोठीमाय आत निपचित पडल्या होत्या. बाबा मोटेच्या धावेवर, बैलांच्या उतारावर, बसले होते, मी जरा लांब बसले. खांदा सुजला होता. बांबूची थरथर अजून अंगात होती.

"बाबा," मी म्हटलं, "तुमी रस्त्यानं काय म्हनत होते?"

"काई नाई."

"ओठ हालत होते."

"भेव वाटून राह्यलं, भेव वाटून राह्यलं, इतकंच सांगून राह्यलो होतो."

"कोनाले?"

"ज्याले सांगाचं त्याले."

मला रडायला आलं. मी म्हटलं, "मी बांबू लई हालवला, बाबा. मी दाबून धरला होता. पन थांबतच नव्हता."

बाबा उठले, माझ्यापाशी आले आणि खाली बसले. त्यांनी हात पुढं केला, मग मागं घेतला, मग धोतराच्या सोग्याला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला.

"थे तू नोयती वं माय," ते म्हणाले. "थो मी होतो."